सोमवार, बुधवार, शुक्रवार

डायलिसिसच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या माणसाला कुणीच धड काही सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, घरचे घाबरलेले असतात आणि आम्ही जुने पेशंट नव्या माणसाकडं बघून नुसतं हसतो. म्हणून मी हे लिहायला घेतलंय. माझं नाव नंदा, वय सेहेचाळीस. गेली पाच वर्षं आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मी मशीनला जोडलेली असते. मी दहावीपर्यंत शिकलेली, पिठाची गिरणी चालवणारी बाई. तोंडानं फटकळ आहे असं माझी भावजय म्हणते आणि तिचं बरोबर आहे. काही गोड वाचायला मिळेल म्हणून बसला असाल तर आत्ताच उठा.

किडनी कशी चालते ते यात नाही. ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

गोळ्या

माझं सासर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. नवरा शेती बघायचा, मी गिरणी. दिवसभर डबे उचलायचे, पोती सरकवायची, जात्याच्या दगडांना टाकी मारून घ्यायची झाली तर तेही मीच बघायची. कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणायची. रोज सकाळी चहाबरोबर एक, लग्नसराईत दळण वाढलं की दोन. अकरा वर्षं खाल्ल्या. आमच्या गावात कुणी ती गोळी डॉक्टरला विचारून खात नाही. ऊस तोडून आलेला गडीही खातो आणि धुणं धुऊन आलेली म्हातारीही खाते. माझं तर गिरणीच्या खिडकीत पाकीटच ठेवलेलं असायचं, दळण न्यायला आलेल्या बायकांनाही देत होते. त्यातल्या दोघी-तिघी अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात.

मग माझं तोंड सुजायला लागलं. बायका म्हणाल्या, "नंदे, अंगानं भरलीस गं, मानवलंय तुला." मीही खूश झाले. पुढं चहासुद्धा पोटात राहीना तेव्हा साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं, बाजूला सरकवलं आणि सांगितलं की दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गिरणी किती दिवस बंद ठेवावी लागेल?" डॉक्टर नवऱ्याकडं बघायला लागले, नवरा भिंतीकडं.

येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला नाही. पुढची सीट रिकामी होती, तिथं बसला. मला वाटलं, खिडकी हवी असेल.

माहेर

साताऱ्याला दीड महिना मशीन झालं. मग एक दिवस नवरा म्हणाला, "माधवनगरवरनं सांगलीचं मशीन जवळ पडंल तुला. ऱ्हा थोडं दिवस माहेरी." दोन बॅगा भरून मला भावाच्या दारात सोडून तो चहा पिऊन गेला. संध्याकाळी बॅग उघडली तर वरच माझा लोकरीचा स्वेटर आणि पूजेला नेसायची रेशमी साडी. मे महिना होता. थोड्या दिवसांसाठी कुणी मे महिन्यात स्वेटर भरत नाही. मी बॅग तशीच बंद केली आणि भावजयीला भाकऱ्या थापू लागले. रडले दुसऱ्या दिवशी, मशीनवर.

दोन वर्षांनी कोर्टात रीतसर सोडचिठ्ठी झाली. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून मी हे लिहीत नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. पण हे म्हणायला मला चार वर्षं लागली.

माझा धाकटा भाऊ संजू यंत्रमागावर कामाला. भावजय अर्चना घरी शिवणकाम करते. घर दोन खोल्यांचं. संजूला शुगर आहे म्हणून तो किडनी देऊ शकत नव्हता. आई-वडील नाहीत. मेलेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत नाव घातलं, ते अजून आहे. संजू तपासणीवरून आला तेव्हा लहान पोरासारखा रडला, आणि मी बघितलं, अर्चनानं देवाला हात जोडले. मला त्या वेळी तिचा राग आला होता. आज विचाराल तर तिच्या जागी मीही जोडले असते.

खोली

आमच्या खोलीत दहा खाटा. आल्यावर वजन करायचं. दोन मशीनच्या मधे अंगात जेवढं पाणी साठतं तेवढं वजन वाढतं, आणि ते सगळं चार तासांत ओढून काढतात. म्हणून पाणी मोजून प्यायचं, दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. भेटायला येणारे लोक प्रेमानं शहाळं घेऊन येतात आणि आपल्याला तेच विषासारखं असतं. घेऊ नका. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हाताच्या शिरा जोडून घेतात. तिथं बोट ठेवलं की आत घरघर लागते. पहिल्या दिवशी मी सिस्टरला म्हणाले, "माझी गिरणी इथं चालू झालीय की." ती हसली. त्या खोलीत माझ्यामुळं कुणीतरी हसलं, एवढ्यावर माझा तो दिवस निघाला.

माझ्या शेजारच्या खाटेवर शालनताई असायच्या. विट्याच्या पलीकडचं, खटाव तालुक्यातलं त्यांचं गाव. त्यांचे यजमान जयवंत. गलाईवाले, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं दुकान. त्या भागातले पुष्कळ लोक त्या धंद्यात देशभर पांगलेत. यांनी अठ्ठावीस वर्षं दक्षिणेत काढली. बायकोच्या किडन्या गेल्या तसं दुकान मुलाच्या हवाली करून सांगलीत खोली घेऊन राहिले. दुकानातला छोटा तराजू मात्र संगं आणला होता. त्या तराजूवर ते शालनताईंचं खाणं तोलायचे. पपईच्या दोन फोडी, चार वाटाणे, कमी नाहीत की जास्त नाहीत. बर्फाचे खडेसुद्धा तोलून रुमालात बांधून आणायचे आणि तासाला एक त्यांच्या जिभेवर ठेवायचे.

मी बघत राहायची. माझ्या जिभेवर खडा ठेवणारं कुणी नव्हतं. एकदा शालनताईंनी मला बघताना पकडलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, त्या नंदालाबी द्या की एक. तिच्या वाट्याचं पाणी काय मी पिऊन टाकणार न्हाई."

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. शालनताई म्हणजे जीव लावणारी बाई. पण एक गोष्ट त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, न विचारता सांगायच्या: "ह्यांची किडनी जुळली न्हाई. न्हाईतर त्यांनी दिलीच असती." जयवंतभाऊ तेव्हा रुमालाची घडी घालत असायचे.

एकदा खोलीतल्या एका पेशंटला रक्त कमी पडलं. जयवंतभाऊ उठले आणि देऊन आले. "माझा ओ गट हाय. कुणालाबी चालतो," असं जरा अभिमानानंच म्हणाले. ते चहाला गेल्यावर शालनताईंनी सिस्टरला विचारलं, "व्हय गं, ओ गटाचं कुणालाबी चालतं?"

"हो मावशी, कुणालाही."

"किडनीबी?"

"गट तरी आडवा येत नाही. बाकीच्या तपासण्या असतातच."

शालनताईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, थंडी वाजतेय. मशीनवर थंडी वाजतेच.

रिकामी खाट

शालनताई एका मंगळवारी घरीच गेल्या. हृदय बंद पडलं. बुधवारी मी आत आले तर त्यांच्या खाटेवर कुणी एक गुरुजी झोपलेले होते, चादरसुद्धा बदललेली. त्या खोलीत खाट रिकामी राहत नाही, बाहेर लोक ताटकळत असतात. मी गुरुजींकडं बघून हसलेही. नंतर बाथरूममध्ये जाऊन ओकले.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, जयवंतभाऊ दारात उभे. दाढी वाढलेली, हातात रुमालाची पुरचुंडी. मी म्हटलं, "काही राहिलं होतं का इथं?"

"न्हाई. जाग आली, आंघोळ केली, बर्फ तोलला, आन हितं आलो. आलो तवा ध्यानात आलं."

बर्फाचं पाणी झालं होतं. ते रुमाल पिळत उभे राहिले. माझ्याजवळ त्या दिवशी कुणी नव्हतं. अर्चनाला शिवणाचं काम अर्धं टाकून तीन-तीन दिवस यायला जमेना, आणि सोबत माणूस लागतोच. सिस्टर ओरडत होती, "नंदाताई, तुमचं कोण आहे?" मी उत्तर द्यायच्या आत ते म्हणाले, "मी हाय." आणि स्टुलावर बसले.

पुढं ते येतच राहिले, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आम्ही फार बोलायचो नाही. दोघं मिळून शालनताईंचं दुःख करायचो, एवढंच. माझं रक्त मशीनमधून फिरत असायचं आणि ते दक्षिणेतल्या गल्लीचं सांगायचे. दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असतो. दिवसभर ॲसिडच्या वाफेत बसायचं, जेवणाला चव नसायची, आणि वर्षातून एकदा गावच्या जत्रेला आलं की आईच्या हातची भाकरी खाऊन मोठ्यांदा रडायला यायचं. मी म्हटलं, "मोठ्या माणसानं भाकरीला रडावं?" ते म्हणाले, "मोठाच रडतो. बारक्याला काय, रोज मिळती."

एक दिवस त्यांनी विचारून माझ्या डाव्या हातावर बोट ठेवलं. ती घरघर लागल्यावर त्यांनी मान खाली घालून हाताला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मला नवऱ्यानं टाकल्यापासून सुई टोचण्याव्यतिरिक्त कुणी हात लावला नव्हता. मी डोळे मिटून घेतले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला किडन्यांची आठवण नव्हती.

त्याआधी सहा महिने माझ्या डोक्यात एकच विचार होता: एक दिवस यायचं बंद करावं. कुणाला सांगायचं नाही, नुसतं यायचं नाही. असा विचार तुमच्याही डोक्यात येईल. आला म्हणून स्वतःला पापी समजू नका, पण कुणाला तरी सांगा. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "शुक्रवारपातुर थांबा." शुक्रवारी म्हणाले, "सोमवारपातुर थांबा." असे तीन-चार महिने मला त्यांनी थांबवून धरलं.

एक अडचण होती. दोन वर्षं मी त्यांना भाऊ म्हणत होते. मन फिरल्यावर तोंडाला ते वळण सोडवेना, म्हणून काही आठवडे मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. "अहो" म्हणायची वेळ आली की खोकायची. अर्चनाच्या ते बरोबर लक्षात आलं. "आक्का, खोकला हाय का दुसरं काय?" म्हणाली.

त्यांनी संजूला रीतसर घरी येऊन विचारलं. संजू म्हणाला, "दाजी म्हणायला मला काय न्हाई. पण लोकं म्हणतील, किडनीसाठी लगीन केलं."

तोपर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

घाटावर

मंगळवारी दुपारी आम्ही कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो होतो. ते म्हणाले, "संजू बोलला त्ये खोटं कशाला ठरवायचं? लगीन झालं की नवऱ्याला किडनी देता येती. साहेब लोकं चौकशी करत्यात, खरं हाय का खोटं हाय ते बघत्यात. करू द्या. मी देणार हाय, नंदा."

माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. आधी पाणी आलं. तांब्याभर पाणी, घटाघटा, कुणी न मोजता. मी आधाशासारखी नदीकडं बघत होते. मग गिरणी आली, पहाटेचा वास आला, म्हातारपण आलं. एवढं सगळं मिनिटभरात. आणि मग भिंतीकडं तोंड केलेल्या शालनताई आल्या.

"तुमचा गट ओ," मी म्हटलं.

"व्हय. तुमाला ठाऊक हाय की."

"मग शालनताईंना का चालला नाही?"

मला वाटलं, म्हणतील की बाकीचं काही जुळलं नव्हतं. तसं होतं कधीकधी. मी मनातल्या मनात म्हणत होते की तेच म्हणा.

"जुळली हुती," ते म्हणाले. "सगळं जुळलं हुतं. डाक्टर म्हणलं, तारीख काढू. घरी गेलो तर आई म्हणाली, कर्त्या माणसानं अंग कापून घ्यायचं नसतं. भावकी म्हणाली, दुकान बुडंल. बहिणीनं दिली तर दिली, बाईनं नवऱ्याला दिली तर दिली, पर पुरुषानं बायकूला दिल्याली आमच्यात कुणी बघितली न्हाई. पण त्यास्नी कशाला नावं ठेवू. मी भ्यालो. डाक्टरला म्हणलो, माझं मन धजत न्हाई, तिला कळू देऊ नका. आन तिला सांगितलं, जुळत न्हाई."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरं झालं. तुमाला काय झालं असतं म्हंजे?"

त्या तराजूवर तोललेल्या फोडी, तो बर्फ, ते दोन वर्षांचं स्टूल, सगळं माझ्यासमोर उलटंपालटं झालं. मी ज्या माणसाच्या जिवावर शुक्रवारचा सोमवार करत होते तो हाच माणूस होता. मला त्यांना मारावंसं वाटलं. हात चालत नव्हता म्हणून तोंड चालवलं.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं. "तुम्ही रक्त देऊन आलात त्या दिवशी त्यांनी सिस्टरला विचारलं. मी शेजारी होते. त्यानंतर एकदा तरी त्यांनी सांगायचं बंद केलं का, की ह्यांची जुळली नाही म्हणून? तुमचं खोटं त्यांनी जगासमोर तुमच्यासाठी सांभाळलं. आणि आता ती किडनी मला देऊन तुम्ही सुटणार."

हे मी त्यांना दुखवायलाच बोलले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. ते उठले, पायऱ्या चढले आणि गेले. मी मागं वळून बघितलं नाही.

न आलेले दिवस

बुधवारी ते आले नाहीत. शुक्रवारी नाहीत. फोन बंद. सोमवारी मी घरातून निघालेच नाही. अर्चनाला सांगितलं, पोट बिघडलंय, उद्या जाते. माझं मी ठरवलं होतं. त्या पडून राहण्यात एक विचित्र आराम होता, तेही खरं सांगते.

असं करू नका. कुठल्याही माणसासाठी करू नका. मंगळवारी दुपारपर्यंत माझ्या छातीत पाणी चढलं. आडवं होता येईना, बसलं तर श्वास पुरेना. बुडणाऱ्या माणसाला निदान नदी दिसते, मी कोरड्या खोलीत बुडत होते. अर्चना शिवणयंत्रावरून उठून आली, तिनं माझ्या पायावर बोट दाबून खड्डा बघितला आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आक्का, त्या माणसापायी मरायचं आसंल तर मरा. पण माझ्या घरात न्हाई. माझी लेकरं शाळंतनं येतील आत्ता." आणि माझ्या काखेत हात घालून तिनं मला उचललं. शिवणकाम करणारी एवढीशी बाई, रिक्षापर्यंत तिनंच नेलं.

मशीनवर घेतलं तेव्हा मी सिस्टरचा हात सोडत नव्हते. "मला वाचवा" म्हणत होते. दोन दिवस मरायचं ठरवून बसलेली मी. त्या वेळी कुणी माझ्यासमोर एखादं माणूस उभं करून विचारलं असतं, याची काढून तुला देऊ का, तर मी होय म्हटलं असतं. संजूची म्हटलं असतं, अर्चनाची म्हटलं असतं. त्यासाठी खोटंही बोलले असते.

भीती काय करते ते मला तिथं कळलं. माझा नवरा पुढच्या सीटवर जाऊन बसला तो खिडकीसाठी नाही, हे मला तसं ठाऊक होतंच. पण त्याच्याही छातीत असंच काहीतरी चढलं असेल, हे पहिल्यांदा वाटलं. आणि दुसऱ्या त्या माणसाचंही वाटलं. त्यानं केलं ते माफ करण्यासारखं नव्हतं. माफ करायला मी कोण? ज्यांनी करायचं त्या करून, चादर ओढून, झोपून गेल्या होत्या.

शुक्रवार

शुक्रवारी मी खाटेवर होते, सुया टोचून झाल्या होत्या. ते आले. खालचा ओठ फुटलेला, एक डोळा काळानिळा, कपडे दोन दिवसांचे. बगलेत तपासण्यांच्या कागदांची फाईल. सिस्टर बघतच राहिली. ते स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"कुठं होता?"

"आदी गावाकडं. आईला सांगितलं की आता मी तुझं ऐकणार न्हाई. मग शालनच्या माहेरी. कोयनानगरच्या वरच्या अंगाला."

"कशाला?"

"तिच्या बापाला सांगायला. जुळली हुती म्हणून. मेव्हण्यानं मारलं. मी हात वर केला न्हाई. म्हाताऱ्यानंच त्याला आडवलं. मला म्हणाला, आता जा. पाणीबी विचारलं न्हाई."

आमच्याकडं दारात आलेल्या परक्याला पाणी दिल्याशिवाय कुणी घालवत नाही. वैऱ्यालासुद्धा देतात. जयवंत तिथून घाटाच्या रस्त्यानं आठ-नऊ किलोमीटर चालत खाली आले होते, मग एसटी मिळाली होती.

त्यांनी फाईल माझ्या पायापाशी ठेवली. "तुमचं म्हणणं बरोबर हाय, मी सुटायलाच बघत हुतो. आता तसं न्हाई. तिच्या माणसांस्नी सांगून आलो. आता ही किडनी तुमचीच हाय. घ्या. लगीन नको आसंल तर नंतर सोडून द्या मला. पर घ्या."

मशीन चालू होतं. माझं रक्त नळीतून जात होतं, येत होतं. मला जगायचं होतं, मंगळवारपासून तर फारच जगायचं होतं. खोलीतले सगळे पेशंट ऐकत होते आणि त्यांतला एकेक जण काय विचार करत होता ते मला पक्कं ठाऊक होतं: ही बाई वेडी असेल तरच नाही म्हणेल.

इथं थांबून तुम्हाला सांगते. तुम्हाला कुणी मनापासून किडनी देत असेल तर घ्या. दोन्ही हातांनी घ्या. माझं वाचून नको म्हणू नका. माझं गणित माझ्यापुरतं आहे. ती किडनी मी घेतली असती तर आयुष्यभर मला शालनताईंचं घेतल्यासारखं वाटलं असतं. आणि जयवंतांकडं बघताना मला कधी कळलं नसतं की हा माणूस माझ्याजवळ बसलाय की माझ्यात ठेवलेल्या स्वतःच्या तुकड्याजवळ.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"मला तुमची किडनी नको. मला दोन्ही किडन्यांचा माणूस पाहिजे. यादीत माझं नाव आहे. आलं तर आलं."

"न्हाई आलं तर?"

"तर हे आहे." मी मशीनकडं बोट केलं. "किती वर्षं ते मला माहीत नाही. कमीच असतील."

त्यांचे ओठ हलायला लागले. फुटलेला ओठ पुन्हा उलून रक्त आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस भर खोलीत रडत होता आणि माझा एक हात मशीनला बांधलेला होता. दुसरा पोचत नव्हता.

"मग ह्येचं मी काय करू?" त्यांनी छातीवर मूठ ठेवून विचारलं. "ह्ये कुठं टाकू?"

"कुठं टाकायचं नाही. तुमचं तुम्ही सांभाळायचं, माझं मी सांभाळते. एका घरात राहून सांभाळू."

त्यांनी फाईल उचलून स्टुलाखाली ठेवली आणि बसले.

लग्न आम्ही मंगळवारी केलं. सोमवारी मशीन होतं आणि बुधवारी पुन्हा मशीन होतं.